काशी न पाहिलेली काशीवाली

पूर्णेची वाळू संपून पलीकडची चढण लागली तेव्हा कोकिळेच्या टाचेला फोड आला होता, पण ती बोलली नाही. झुंबरकाकू दोन पावलं पुढे चालत होत्या. मागे वळून न पाहताच त्यांनी विचारलं, "डावा का उजवा?"

"काय, काकू?"

"पाय. लंगडून राह्यली ना तू."

"डावा," कोकिळा म्हणाली.

"मंग बस थोडी. शेगाव काही पळून नाही जात."

चढणीवर लिंबाचं झाड होतं, त्याच्या सावलीत दोघी टेकल्या. खाली पात्रात डांगरवाड्या पसरल्या होत्या. वैशाखात पूर्णेला पाणी थोडं आणि टरबुजंच फार. काकूंनी तांब्याची फिरकी उघडून आधी कोकिळेला पाणी दिलं. या खारपट्ट्यात वाटेवरच्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून वरवट बकालहून शेगावला पायी जाणारा माणूस आपलं पाणी आपणच नेतो.

कोकिळेचा नवस होता. वडिलांचं दुखणं हटलं तर माहेराहून शेगावपर्यंत चालत येईन, समाधीपुढे नारळ फोडीन, असं ती बोलली होती. वडील उठून बसले, ओट्यावर येऊन पान खाऊ लागले. नवस फेडून शेगावला गाडी धरायची आणि जलंबला बदलून खामगावला नवऱ्याकडे जायचं, असा बेत होता. एकटी बाई एवढी वाट कशी चालेल म्हणून आई चिंतेत पडली, तेव्हा झुंबरकाकू आपण होऊन म्हणाल्या, मी जाते संग. त्या दर महिन्याला पायीच जायच्या. त्यांच्यासोबत पाठवायचं म्हटल्यावर आईची चिंता तर गेलीच, वर तिने कोकिळेला सांगितलं, "पुण्यवान बाईची सोबत लाभली तुले. वाटेत त्यायच्या आधी पाणी नको पेजो."

आणि इथे काकूच तिला आधी पाणी देत होत्या.

दोघी बसल्या आहेत हे पाहून डांगरवाडीतला माळकरी म्हातारा वाळू तुडवत वर आला. नदीत हात धुऊन आला होता. "काशीवाले काकू, पाया पडतो," म्हणून त्याने वाकून नमस्कार केला आणि एक टरबूज पुढे ठेवलं. काकूंनी पाय मागे घेतले. त्या नेहमी घेत, पण जरा उशिराच. "माह्या पायात काय हाय बाप्पा, धूळ हाय," त्या म्हणाल्या. म्हातारा हसला. "तीच पायजे," म्हणाला आणि गेला.

कोकिळेला हे नवं नव्हतं. ती परकरात होती तेव्हापासून हेच पाहत आली होती. काकूंच्या नवऱ्याला, पंजाबरावांना, काशीक्षेत्रात मरण आलं. असं मरण लाखात एखाद्याला येतं म्हणतात, आणि बायको अर्ध्या पुण्याची धनीण. म्हणून प्रवासाला निघणारं माणूस आधी काकूंच्या पाया पडे. नवी नवरी घरात आली की तिला काकूंकडे नेत. सारं गाव त्यांना काशीवाली म्हणे, आणि काकू स्वतः शेगावच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. त्यांना रडताना कोणी पाहिलं नव्हतं. नवऱ्याचं नाव निघालं तरी डोळ्यांत पाणी नाही. लोक म्हणत, बाई मोठ्या भक्तीची आहे.

टरबूज फोडून खाताना कोकिळेने मनातलं बोलून टाकलं.

"काकू, एक विचारू? यायले महिनाभराची रजा मिळाली. नागपूरहून मंजूर होऊन आली. हे म्हणतात, लग्नापासून कुठं नेलं नाही तुले, आता तू म्हणशील तिथं जाऊ."

"चांगलं हाय मंग. कुठं चालले?"

"तेच तं समजून नाही राह्यलं."

कोकिळेचा नवरा वामनराव खामगावच्या कचेरीत कारकून होता. त्याने रेल्वेचा मोठा नकाशा आणून भिंतीला लावला होता. कचेरीतून आला की कंदील वर धरून बोट फिरवायचा. हे आग्रा, हे मथुरा, इथून दिल्ली. खाली गेलो तर म्हैसूर, तिथे राजाचा वाडा दिव्यांनी उजळतो म्हणे. उटीला तर उन्हाळ्यात शाल पांघरावी लागते. त्याच्या कचेरीतला एकजण काश्मीरला जाऊन आला होता आणि तेव्हापासून कोणाशी धड बोलत नव्हता. सासूबाई खालूनच ओरडायच्या, "एवढ्या दूर जाऊन दगडंच पाह्यचे असतीन तं लोणारले जा, खड्डा बी पाहून होईन. आणि खर्चच कराचा असन तं काशीले जा, आमाले गंगा तरी मिळन." मग वामनराव कंदील खाली ठेवायचा आणि कोकिळेकडे पाहायचा. तू सांग.

आजवर तिला कोणी विचारलं नव्हतं की तुला कुठे जायचंय. शाळेत धाडलं तेव्हा नाही, शाळा सोडवली तेव्हा नाही, लग्न केलं तेव्हाही नाही. आणि आता विचारलं तर एकदम एवढा मोठा मुलूख पुढ्यात मांडून. आज रात्री खामगावला पोचल्यावर तिला उत्तर द्यायचं होतं, कारण उद्या वामनराव तिकिटांचं पाहणार होता.

"तुमीच सांगा, काकू. तुमी म्हणान तिथं जातो."

"मले काऊन विचारतं? मी कुठं गेली?"

"तुमाले सारं ठाऊक असते. तुमी मले लहानपणी जगन्नाथाची गोष्ट सांगत होत्या."

"ऐकून ठाव हाय." काकूंनी टरबुजाची साल बाजूला ठेवली. "आमच्या घरी हेच चाले. रोज संध्याकाळी. कुठं जावं, कुठं जावं. तुह्या घरी नकाशा हाय, आमच्या घरी तो बी नव्हता."

त्या उठल्या. कोकिळेने टाचेला चिंधी बांधली आणि दोघी पुन्हा चालू लागल्या. पुढचं सारं काकूंनी चालता चालता सांगितलं, मधेच थांबत, मधेच वाटेतला काटा बाजूला करत.

पंजाबरावांची रेंगी होती. माणसं बसायची हलकी गाडी, दोन बैलांची, वर ताट्या. आसपासच्या गावांतून ज्याला म्हणून प्रवासाला जायचं असे, त्याला ते शेगाव ठेसनावर नेऊन सोडत आणि परत येईल तेव्हा घेऊन येत. अर्धा जन्म लोकांना ठेसनावर पोचवलं, पण स्वतः आगगाडीत पाय ठेवला नाही. फलाटावरून डब्यात सामान चढवायचं आणि शिटी झाली की मागे व्हायचं. पण परतणाऱ्याला ते असा सोडत नसत. रेंगीत बसला की विचारायचे, हां, आता सांगा, काय पाह्यलं. वरवट बकाल येईपर्यंत त्याच्याकडून सारं वदवून घ्यायचे. आणि संध्याकाळी काकू भाकरी थापायला बसल्या की चुलीपुढे बसून तेच सगळं त्यांना सांगायचे, जरा वाढवूनच.

"मंग म्हनायचे, चाल, आज कुठं जातं?"

काकू म्हणत, जगन्नाथाला. तिथे म्हणे देवाच्याच घरचं जेवण मिळतं, चूल पेटवावी लागत नाही. पंजाबराव म्हणत, "तू देव पाह्यले चालली का चुलीपासून पळून?" दुसऱ्या दिवशी काकू रामेश्वर म्हणत, समुद्र दिसेल. तर ते म्हणत, "खारं पाणीच पाह्यचं ना? मंग विहिरीत वाकून पाहाय. एवढ्या दूर काऊन जा?" एकदा एका साहेबाच्या खानसाम्याला त्यांनी आणलं, तो चिखलदऱ्याचं सांगत होता. तिथे चैत्रात थंडी वाजते. काकू म्हणाल्या, थंडी तर पुसात इथेच वाजते, पांघरूणच अपुरं पडतं, त्याचं आधी पाहा.

पंजाबरावांचं मन मात्र आग्र्यावर होतं. खामगावचा कय्यूमभाई कापडाच्या गठ्ठ्यांपायी दिल्ली, आग्रा, लखनऊ फिरायचा. ठेसनावरून वरवट बकालच्या बाजाराला येताना तो रेंगीतच बसे. त्याने ताजमहालाचं असं काही सांगितलं की पंजाबराव तीन दिवस तेच बोलत होते. "एका बाईसाठी बांधला वं. राजानं. आपल्या बायकोसाठी."

"जित्यापणी का मेल्यावर?"

"मेल्यावर."

"मंग जित्यापणी काय देल्लं तिले, ते विचारा कय्यूमभाईले."

हे सांगताना काकू हसल्या. कोकिळेने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. दात दिसले आणि लगेच पदराखाली गेले.

लेकीचं लग्न होऊन ती सुलतानपूरला नांदायला गेली आणि घरात दोघंच उरली, तेव्हा मात्र बोलण्याचं खरं करायचं ठरलं. कुठे तरी एकदा जायचं, पण जोडीने जायचं. आता खरंच जायचं म्हटल्यावर काकूंची जीभ अडली. नुसतं पाहायला, मौज करायला जायचं? आपल्यासारख्यांनी? एवढ्या दूर जायचं तर देवाच्या दारी जावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्या काशी म्हणाल्या. पंजाबराव म्हणाले, "तुह्यी काशी आधी, माहा आग्रा मंग." गावातून सरस्वतीबाईंचा संघ निघणार होता, काशी-प्रयाग-गया. त्यात नावं घातली.

निघायच्या आधी सरस्वतीबाईंनी साऱ्यांना विठ्ठलाच्या देवळात बसवून सांगितलं, काशीत गंगेत उभं राहून एक आवडती वस्तू सोडावी लागते. पुन्हा जन्मभर ती खायची नाही. काय सोडायचं ते आत्ताच मनात धरून ठेवा, तिथे गडबड नको. कोणी वांगं म्हणालं, कोणी सीताफळ. घरी आल्यावर पंजाबराव चुलीपुढे बसले आणि गंभीर तोंड करून म्हणाले, "मोठी पंचाईत झाली वं. सगळ्यात आवडती वस्तू सोडा लागते म्हनते. मंग तं मले तुलेच सोडून याव लागन."

काकूंनी हातातलं पीठ त्यांच्या अंगावर उडवलं. म्हणाल्या, "सोडा ना मंग. मले बी आराम."

रस्त्याच्या कडेने कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग लागले होते. एक गाडी आली, गाडीवानाने बैल थांबवले, "काशीवाले काकू, बसा ना, सोडतो शेगावले," म्हणाला. काकूंनी हात हलवून त्याला जायला सांगितलं. कोकिळेची टाच ठणकत होती, पण तिने गाडीकडे पाहिलं नाही.

"मंग तुमी काऊन नाही गेल्या, काकू?" तिने विचारलं. साऱ्या गावाला ठाऊक होतं की काकू वाटेतून परतल्या. कोणाला तरी परतावं लागतं, देवाची इच्छा, एवढंच लोक म्हणत.

"बाईमाणसाचं असते तेच," काकू म्हणाल्या. "दोन महिने नव्हतं आलं. मले वाटलं, गेलं आता, सुटली. पूर्णा उतरून आपण बसलो ना त्या काठावर गाड्या चढल्या, अन् मले समजलं."

त्यांनी सरस्वतीबाईंना बाजूला बोलावून सांगितलं. लपवलं असतं तर लपलंही असतं. पण संघात देवाची कावड होती, सोवळ्याचा स्वयंपाक होता, आणि देवाशी खोटेपणा करून देवाकडे जायचं हे काकूंना जमलं नाही. सरस्वतीबाईंच्याच डोळ्यांत पाणी आलं. बायांनी गराडा घातला. पंजाबराव खाली उतरले, आपलं गाठोडं खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "चाल, घरी जाऊ. पुढच्या साली पाहू."

"मी नाही म्हनलं, कोकिळे. म्हनलं, तुमी जा. जलमभर दुसऱ्याले गाडीत बसवलं, आता एक डाव सोता बसा. सारं पाहून या अन् मले सांगा. पुढच्या साली मले न्यान तं तुमाले वाट बी ठाव असन."

ते ऐकेनात. दोघांची त्या काठावर भांडाभांड झाली, सारा संघ ऐकत उभा. शेवटी काकूंनी त्यांचं गाठोडं ओढून रेंगीत टाकलं. पंजाबराव चढले. रेंगी चुलतभाऊ हाकत होता. थोडं पुढे गेल्यावर रेंगी थांबली, ते डोकं बाहेर काढून म्हणाले, "गाईले सरकी भिजवून देजो. कोरडी नको देऊ."

"तेच बोलले शेवटचं?" कोकिळेच्या तोंडून निघून गेलं.

"हाव. मी म्हनलं, मले शिकवा आता सरकी भिजवाले." काकूंनी पदर डोक्यावर सारखा केला. "मंग गेले."

संघ परत आला तो दिवस कोकिळेला आठवत होता. ती सात-आठ वर्षांची असेल. वेशीवर डफडी, लेझीम, गुलाल. बाया आरत्या घेऊन उभ्या होत्या. काकू सगळ्यांच्या पुढे होत्या, नव्या लुगड्यात, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. घरी त्यांनी पुरण घातलं होतं. कोकिळेला आठवत होतं ते एवढंच, की नंतर आईने तिला पुढे ढकलून काकूंच्या पायांवर घातलं होतं आणि मग सगळ्या पोरांना बुंदी मिळाली होती. मधलं काही तिला ठाऊक नव्हतं. ते आज काकूंनी सांगितलं.

गाड्या आल्या. काकू पंजाबरावांना शोधत होत्या. सरस्वतीबाई गाडीतून उतरल्या, सरळ काकूंपाशी आल्या आणि वाकून त्यांच्या पाया पडल्या. सरस्वतीबाई वयाने मोठ्या. काकू दचकून मागे सरल्या.

"असं काय करता, आत्याबाई? मी तुमच्या पाया पडाव का तुमी माह्या?"

"पडू दे बाई. तुह्या मालकाले काशीवास झाला."

सांगता सांगता काकू थांबल्या. रस्त्यात उभ्याच राहिल्या.

"तुले सांगतो कोकिळे, मले काही समजलंच नाही. आपल्या गावचा एक बुढा मांगं काशीले जाऊन तिथंच राह्यला होता ना, कायमचा, देवापाशी? त्याले बी लोकं काशीवासच म्हनत. मले वाटलं, हे बी तसेच राह्यले. तिथं आवडलं, अन् राह्यले. मले सोडून. अन् चुलीपुढं बोलले होते ना तसं. माह्या तं आंगाची आग झाली. इथं मी पुरण घालून राह्यली, अन् हा माणूस तिकडं बसला. मी म्हनलं, राहू द्या म्हना मंग तिथंच. आता आले तरी दार नाही उघडत. मोठ्यानं म्हनलं. साऱ्यायनं ऐकलं."

मागे लेझीम चालूच होती, पोरांना काय कळणार. सरस्वतीबाईंनी काकूंचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाल्या, अवं, गेले ते. पटकी झाली. मणिकर्णिकेवर अग्नी दिला.

कोकिळेला पुढे चालवेना. काकू मात्र पुन्हा चालू लागल्या होत्या, म्हणून तिलाही चालावं लागलं.

"ते गेल्याचं ऐकून माह्या तोंडून निघालेलं पह्यलं बोलनं ते," काकू म्हणाल्या. "दार नाही उघडत."

आणि मग त्यांना रडू दिलं नाही. काकू रडायला लागल्या तर बायांनी तोंडावर हात ठेवला. काशीत मरण आलेल्या माणसामागे रडतात का? त्याला शिव स्वतः कानात मंत्र देतो. डोळ्यांतून पाणी काढलंस तर त्याची वाट ओली होईल, पाय घसरेल. ज्या हातांनी कुंकू पुसलं, त्याच हातांनी पायांची धूळ घेतली. काशीची गंगा घरोघर वाटली गेली, मावंदं झालं, पंगती उठल्या. लोक काकूंना सांगून गेले की आमच्या नशिबी असं नाही. एकजण तर म्हणाला, माझी म्हातारी चार वर्षं खाटेवर आहे, काशीला नेऊ कशी?

"येत होते अन् पाया पडून जात होते. एकटा कय्यूमभाई आला. ओट्याच्या खाली बसला, वर नाही आला. म्हनला, भाभी, बहोत बुरा हुआ. बस. मंग बसूनच राह्यला. त्याले आमचं काशीचं काही ठाव नव्हतं ना, म्हणून बोलला तो." काकूंनी वाटेतला खडा पायाने बाजूला केला. "मी आत गेली अन् भांडे घासत बसली. घासलेलेच घासले. तेवढंच रडनं. मंग लोकं आले, पुन्हा बंद."

वाट आता सपाट झाली होती. दूर शेगावची झाडं दिसू लागली. एक मालगाडी अकोल्याच्या बाजूने येत होती, तिचा धूर सरळ वर जात होता. वारा नव्हता.

"काय सोडलं त्यायनं तिथं, काकू?" कोकिळेने हळूच विचारलं.

"तेच तं. मी साऱ्यायले विचारलं. सरस्वतीबाई म्हनल्या, सगळे एकेक करून गंगेत उभे राह्यले, भटजीनं विचारलं, काय सोडता, ज्यानं त्यानं सांगतलं. हे शेवटी उतरले. काय बोलले ते काही आयकू नाही आलं, लोकायचा कल्ला होता. पण हासून राह्यले होते म्हने. पाण्यात उभे राहून हासून राह्यले होते." काकूंनी कोकिळेकडे पाहिलं. "वांगं सोडताना कोणी हासते का, बाई?"

काहीतरी बोलायला हवं म्हणून कोकिळा म्हणाली, "काकू, थट्टेतलं बोलणं देव धरत नसतो."

"हाव. मले बी समजते. देवापुढं वाती करताना समजते. भाकर थापताना नाही समजत."

त्या पुढे म्हणाल्या, "पित्तरपाटात त्यायचं पान वाढाचं असते. काय वाढू? जे सोडलं असन ते वाढलं तं चुकते, नाही वाढलं तं उपाशी ठेवलं. म्हनून मी दरसाली एकेक आवडतं काढून टाकते. मांगच्या साली वांग्याचं भरीत नाही वाढलं. त्याच्या आदल्या साली पुरण नाही वाढलं. कोण्या तरी साली बरोबर येत असन."

शेगावची पहिली घरं लागली. एका विहिरीवर पाणी शेंदणारी बाई काकूंना ओळखून घागर ठेवून आली, पाया पडली, "काशीवाले काकू, माह्या पोरीले आशीर्वाद द्या, लग्न जमून नाही राह्यलं," म्हणाली. काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चांगला नवरा मिळन तिले. घरात राह्यणारा मिळन." ती बाई समाधानाने परत गेली.

देवळाचा कळस दिसला तसे दोघींनी थांबून हात जोडले. कोकिळेचे ओठ हलले ते नवसासाठी नव्हते. मग ती काकूंकडे वळली.

"काकू, मी आज घरी गेल्यावर यायले सांगतो. आमी काशीले नाही जात. म्हैसूरले जातो, नाही तं आग्र्याले. काकांचं राहून गेलं ना. आग्र्याचं."

"आग्र्याले मेले असते तं लोकायनं मले रडू तं देल्लं असतं," काकू म्हणाल्या. त्यांनी अजून हात जोडलेलेच होते. "पण मी तुले काशीले जाऊ नको म्हनलं का? देवाची जागा हाय. देवानं माह्यं काही वाईट केलं असं मी म्हनत नाही, तसं म्हनीन तं जीभ झडन माह्यी. सासू म्हनते तं जा. नवऱ्याच्या संगं जा, दोघं बी जा. जिथं जायचं ते तुहं तू ठरव, माह्यं नको ऐकू."

काकूंनी हात खाली घेतले आणि तिचा हात धरला. त्यांची बोटं खरखरीत होती आणि उन्हाने तापली होती.

"पण काशीले गेली तं माह्यं एक काम करजो. गंगा नको आनू, गंडे नको आनू, मले काही नको. जिथं जाळतात ना तिथं जाजो. अन् तिथं उभी राहून माह्या वाट्याचं रडून येजो. मोठ्यानं रडजो, भांडे नको घासू. तुह्या मालकाले आधी सांगून ठेवजो, नाही तं घाबरन तो. अन् कोणी म्हनलं, बाई, इथं रडाचं नसते, तं त्यायले सांगजो, पंजाबराव रेंगीवाल्याची बायको रडून राह्यली, तिले रडू द्या."